झुरिक ते मिलान: अंतर किती आणि खरा वेळ किती?

झुरिक आणि मिलान यांच्यात अंतर किती आणि एका शहरातून दुसऱ्या शहरात जायला किती वेळ धरायचा, हा प्रश्न स्वित्झर्लंड-इटलीची सहल आखताना हमखास येतो. आधी आकडे देतो. सरळ रेषेत सुमारे 218 किलोमीटर, रस्त्याने सुमारे 280. थेट रेल्वेगाडीने सव्वातीन तास. मोटारीने, वाट मोकळी मिळाली तर, साडेतीन तास. नियमित प्रवासी बसने चार ते साडेपाच. विमान हवेत तासभरसुद्धा नसतं, तरी हॉटेलच्या दारापासून हॉटेलच्या दारापर्यंत साडेचार-पाच तास जातातच.

या प्रवासात किलोमीटरवरून वेळ काढायला गेलात तर चुकाल. दोन शहरांच्या मध्ये आल्प्सची मुख्य रांग आडवी उभी आहे आणि ती कुठून, कधी आणि कशाने ओलांडता यावर सगळा वेळ ठरतो. मुंबई-पुण्यामधल्या घाटाचा अनुभव असलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. गॉटहार्डची खिंड 2,100 मीटरच्या वर आहे आणि हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्‌महिने बंद असते. म्हणून बाराही महिने चालणारी वाहतूक बोगद्यांतून जाते. रेल्वेचा आणि रस्त्याचा बोगदा मात्र पूर्णपणे वेगळे आहेत. एक तुंबला म्हणून दुसरा तुंबत नाही, आणि दोघांचे त्रासही निराळे आहेत.

माझं स्पष्ट मत असं की साधारण प्रवाशाने रेल्वेच घ्यावी. झुरिकच्या मुख्य स्थानकातून निघालेली युरोसिटी गाडी झुग, आर्थ-गोल्डाऊ, बेलिन्झोना, लुगानो, सीमेवरचं कियासो, कोमो आणि मोंझा या वाटेने मिलानच्या चेंत्राले स्थानकात पोहोचते. मधल्या सगळ्याच स्थानकांवर प्रत्येक गाडी थांबत नाही. एर्स्टफेल्ड ते बोदिओ हा टप्पा गॉटहार्डच्या पायथ्याच्या बोगद्यातून जातो. त्याची लांबी 57 किलोमीटर. जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा हाच. 1 जून 2016 रोजी त्याचं उद्घाटन झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरच्या वेळापत्रकापासून नियमित गाड्या सुरू झाल्या. पुढे सप्टेंबर 2020 मध्ये बेलिन्झोना आणि लुगानोच्या दरम्यानचा 15.4 किलोमीटरचा चेनेरी बोगदा उघडला. 1882 च्या जुन्या मार्गावर गाडी डोंगरात वळसे घेत 1,151 मीटर उंचीपर्यंत चढायची. नव्या बोगद्यातला सर्वांत उंच बिंदू समुद्रसपाटीपासून 549 मीटरवर आहे. चढ जवळजवळ संपल्यामुळे गाडी ताशी 200 किलोमीटरने धावते आणि अख्खा डोंगर वीस मिनिटांत मागे पडतो. पूर्वी झुरिक-मिलानला चार तासांच्या आसपास लागत, ते सव्वातीनवर आले ते या दोन बोगद्यांमुळे.

मग उरलेला वेळ जातो कुठे? झुरिक ते लुगानो दोन तासांच्या आत होतं. कियासो ते मिलान मात्र फक्त 51 किलोमीटर असून त्याला चाळीसेक मिनिटं लागतात. या रुळांवर मिलानच्या उपनगरी गाड्या, प्रादेशिक गाड्या आणि मालगाड्या एकत्र धावतात. उशीर होतो तो बहुतेक वेळा याच टप्प्यात, आणि मिलानहून उत्तरेला येणारी गाडी कधीकधी सीमेवरच उशिरा पोहोचते. म्हणून मिलानला उतरून पुढची गाडी पकडायची असेल, तर मध्ये निदान एक तास ठेवा. एकाच तिकिटावर दोन्ही गाड्या असतील तर थोडं कमी चालेल. फ्लोरेन्स-रोमचं स्वस्त, ठराविक गाडीलाच बांधलेलं तिकीट वेगळं काढलं असेल, तर तासाच्या खाली येऊच नका. ती गाडी हुकली तर ते तिकीट वाया जातं.

तिकिटाच्या तीन गोष्टी नीट समजून घ्या, कारण पैसे इथेच जातात.

पहिली गोष्ट आरक्षणाची. सीमा ओलांडणाऱ्या या युरोसिटी गाड्यांत आसन आरक्षण सक्तीचं आहे. थेट तिकीट काढलं की आरक्षण त्यातच येतं. अनेक युरोपीय देशांत चालणारा युरेल पास असेल तर ते वेगळं काढावं लागतं, आणि उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी ते संपूनही जातं.

दुसरी गोष्ट स्विस ट्रॅव्हल पासची. हा पास कियासोपर्यंतच चालतो. पुढच्या, म्हणजे कियासो ते मिलान या टप्प्याचं तिकीट आणि आरक्षण वेगळं घ्यावं लागतं. 'पास आहे, गाडी थेट आहे' असं धरून लोक बसून राहतात आणि कियासोनंतर इटालियन तपासनीस दंड लावतो. आई-वडिलांबरोबर मुलांना फुकट नेणारं स्विस फॅमिली कार्डसुद्धा सीमेपलीकडे लागू होत नाही, तेव्हा मुलांचंही तिकीट काढा.

तिसरी गोष्ट सवलतीच्या तिकिटांची. लवकर काढलेलं सवलतीचं तिकीट पूर्ण भाड्याच्या मानाने खूपच स्वस्त पडतं, पण ते त्याच दिवशी, त्याच गाडीला चालतं आणि त्याचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. मुंबईहून येणारं विमान सकाळी झुरिकला उतरणार आणि त्याच दिवशी मिलानला जायचं, अशी आखणी असेल तर हे तिकीट घेऊ नका. विमानाला दोन तास उशीर झाला की सगळी बचत जाते. अशा दिवशी लवचीक तिकीट काढा, किंवा विमान उतरल्यानंतर किमान तीन तासांनी सुटणारी गाडी घ्या. विमानतळावरून मुख्य स्थानकात यायला रेल्वेने दहा-बारा मिनिटं पुरतात; वेळ खातात ती पासपोर्टची रांग आणि सामानाचा पट्टा.

आरक्षण मिळालंच नाही तर एक खात्रीची पर्यायी वाट आहे. झुरिकहून लुगानोपर्यंत देशांतर्गत प्रवास करा, तिथे आरक्षणाची सक्ती नाही. लुगानोहून आरई-80 ही प्रादेशिक गाडी थेट मिलान चेंत्रालेला जाते, तिलाही आरक्षण लागत नाही. ती लोकार्नोहून निघते आणि लुगानो, कियासो, कोमो करत जाते. एकूण वेळ अर्धा-पाऊण तास वाढतो. कोमोहून मिलानला येताना छापील प्रादेशिक तिकीट हातात असेल, तर चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर वेळेचा शिक्का मारून घ्यायला विसरू नका. शिक्का नसलेलं तिकीट न काढलेल्यासारखंच मानतात.

आता गाडीत चढण्याबद्दल. झुरिकच्या मुख्य स्थानकात वरचे फलाट आहेत आणि जमिनीखालीही फलाट आहेत. 31 ते 34 आणि 41 ते 44 हे खालचे. ट्राममधून उतरून सामानासह योग्य फलाटावर पोहोचायला दहा मिनिटं सहज लागतात. प्रवेशाला अडथळे नाहीत, सामानाची तपासणी नाही, तेव्हा वीस मिनिटं आधी आलात तरी भरपूर झालं. फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग लिहिलेले असतात आणि फलकावर कोणता डबा कोणत्या विभागात येणार ते दिसतं. हे वाचाच. या मार्गावर धावणाऱ्या जिरुनो गाडीचा एक संच 202 मीटर लांब असतो आणि गर्दीच्या वेळी असे दोन संच जोडतात. एका संचातून दुसऱ्यात आतून जाता येत नाही. चुकीच्या संचात चढलात तर पुढच्या स्थानकावर दोन-तीन मोठ्या बॅगा घेऊन फलाटावरून धावावं लागतं. मिलान चेंत्रालेला मात्र फलाटाच्या तोंडाशी तिकीट दाखवावं लागतं, तेव्हा परतीच्या वेळी वीसऐवजी तीस मिनिटं हाती ठेवा.

खिडकीची बाजू निवडता येत असेल तर मिलानच्या दिशेने जाताना उजवी घ्या. झुगचं सरोवर आणि ब्रुनेनच्या पुढे ऊरीचं सरोवर त्याच बाजूला येतं. लुगानोला सरोवर डावीकडे असतं; मेलिदेचा बांध ओलांडला की तेही उजवीकडे येतं. बाकी बोगद्यात अंधारच आहे. गॉटहार्डचे कडे, दऱ्या आणि गोल फिरणारे जुने बोगदे पाहायचे असतील तर वेगवान गाडी घेऊच नका. जुन्या डोंगरी मार्गावरून 'त्रेनो गोत्तार्दो' नावाची गाडी धावते. वासेन गावचं तेच पांढरं चर्च रुळांच्या वळशांमुळे तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसतं, ते याच मार्गावर. बेलिन्झोनाला उतरून पुढची गाडी घ्यायची. एकूण प्रवास तासाभराने लांबतो, पण दिवसाउजेडी आणि स्वच्छ हवेत तो तास सत्कारणी लागतो. काही जण याच दिवशी कूरहून बर्निना मार्गाने तिरानो आणि तिथून मिलान असा बेत करतात. तो आठ-नऊ तासांचा पूर्ण दिवसाचा प्रवास आहे. लहान मुलं आणि मोठं सामान असेल तर मध्ये एक मुक्काम करा.

हा जुना मार्ग शोभेपुरता ठेवलेला नाही. 10 ऑगस्ट 2023 रोजी पायथ्याच्या बोगद्यात एक मालगाडी रुळांवरून घसरली. तुटलेल्या चाकामुळे सुमारे सात किलोमीटरचे रूळ खराब झाले आणि बोगदा पूर्ण क्षमतेने सुरू व्हायला 2 सप्टेंबर 2024 उजाडला. त्या काळात प्रवासी गाड्या बराच काळ डोंगरावरूनच वळवल्या होत्या आणि प्रवास सुमारे एक तासाने वाढला होता. इतकं मोठं काही रोज घडत नाही, पण रुळांच्या कामांमुळे, विशेषतः उन्हाळ्यात इटलीच्या बाजूला, गाड्या कमी होतात किंवा कियासोलाच संपतात. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्या तारखेचं वेळापत्रक पुन्हा उघडून बघा. तिकीट काढलं तेव्हाचं वेळापत्रक दोन महिन्यांनी तसंच असेल असं धरू नका.

मोटारीचा मार्ग असा: झुरिकहून ए-4 ने झुगच्या बाजूला, पुढे ल्युसर्नजवळ ए-2, मग झेलिसबर्गचा नऊ किलोमीटरचा बोगदा, आल्टडोर्फ, ग्योशेनेन, तिथून गॉटहार्डचा रस्त्याचा बोगदा, पलीकडे आयरोलो, बेलिन्झोना, लुगानो, कियासोची सीमा आणि शेवटी इटलीचा ए-9 आणि ए-8. गॉटहार्डचा हा बोगदा 16.9 किलोमीटरचा आहे आणि 5 सप्टेंबर 1980 रोजी खुला झाला. त्यात एकच नळी आहे, दोन्ही दिशांना एकेक मार्गिका, वेगमर्यादा ताशी 80 आणि ओलांडायला सक्त मनाई. चार मार्गिकांचा महामार्ग इथे दोनवर येतो. सगळी अडचण या एका गोष्टीत आहे. याच बोगद्यात 24 ऑक्टोबर 2001 रोजी दोन ट्रकच्या धडकेनंतर लागलेल्या आगीत 11 जण गेले. तेव्हापासून ट्रक ठरावीक अंतराने सोडले जातात. फार गर्दी झाली की तोंडाशी सिग्नल लावून मोटारीही थांबवून सोडतात. दुसऱ्या नळीचं काम 2021 पासून चालू आहे. ती तयार झाली तरी आधी जुन्या नळीची मोठी दुरुस्ती होणार आहे आणि नंतरही प्रत्येक दिशेला एकच मार्गिका वाहतुकीला ठेवायचं ठरलं आहे. तेव्हा रांगा लवकर संपतील अशी आशा ठेवून बेत करू नका.

रांगेचा हिशोब तिथले वाहनचालक असा करतात: एक किलोमीटर रांग म्हणजे साधारण दहा मिनिटं थांबणं. ईस्टरच्या आधीचा गुरुवार-शुक्रवार, पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाची जोडसुट्टी आणि जुलै-ऑगस्टमधले शनिवार या दिवशी उत्तरेच्या तोंडाशी दहा-दहा किलोमीटर रांग लागते. म्हणजे साडेतीन तासांचे सरळ पाच तास होतात. परतीची गर्दी दक्षिणेच्या तोंडाशी, आयरोलोला, सुट्टी संपताना होते. अशा दिवशी पहाटे चारच्या आसपास झुरिक सोडा, किंवा संध्याकाळी उशिरा. सकाळी नाश्ता करून नऊला निघणं म्हणजे नेमकं गर्दीत जाऊन उभं राहणं. दुसरी वाट सान बर्नार्दिनोची: झुरिक, कूर, मग ए-13 वरचा 6.6 किलोमीटरचा बोगदा आणि खाली बेलिन्झोना. नेहमीच्या दिवशी ती लांब पडते, पण गॉटहार्डला तासाच्या वर थांबायचं असेल तर तिचा विचार करा. हा निर्णय झुरिकमध्येच घ्यावा लागतो. एकदा आल्टडोर्फच्या पुढे गेलात की परत फिरण्यात काही वाचत नाही. उन्हाळ्यात खिंडीचा रस्ता उघडा असेल तर तोही आहे. तो वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्यांनी टाळावा. देखभालीसाठी बोगदा वर्षातल्या काही रात्री पूर्ण बंद ठेवतात, तेव्हा रात्रीचा प्रवास असेल तर तारीख तपासा.

स्विस महामार्गावर मोटारीला 40 फ्रँकचं वार्षिक विन्येट, म्हणजे महामार्ग वापरण्याचं शुल्क भरल्याची खूण, लागतं. काचेवर चिकटवायचं किंवा 2023 पासून मिळणारं ऑनलाइन, कोणतंही चालतं. गॉटहार्डला त्याव्यतिरिक्त टोल नाही. झुरिकला भाड्याने घेतलेल्या गाडीवर ते असतंच. मिलानला घेतलेल्या गाडीवर बहुधा नसतं आणि सीमेआधी घ्यावं लागतं. नसेल तर 200 फ्रँक दंड, शिवाय विन्येटचे पैसे वेगळे. स्वित्झर्लंडमध्ये महामार्गावर ताशी 120, इटलीत 130 आणि पावसात 110 ही मर्यादा पाळा. स्विस कॅमेरे थोडाही जादा वेग सोडत नाहीत. दिवसासुद्धा दिवे चालू ठेवणं स्वित्झर्लंडमध्ये सक्तीचं आहे. भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ ठेवा. इटलीत तो लागतोच. एका देशात गाडी घेऊन दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार बरेचदा भाड्याहून मोठा असतो, तो आधी विचारा. मिलानच्या मध्यभागी 'एरिया सी' नावाचा शुल्काचा भाग आहे: सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेसात, दिवसाला साडेसात युरो. हॉटेल त्या भागात असेल आणि शुल्क भरायचं राहिलं, तर दंडाची नोटीस गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीमार्फत काही महिन्यांनी घरी येते आणि त्यावर कंपनीचा आकारही लागतो. गाडी बाहेरच्या मेट्रो स्थानकाजवळच्या पार्किंगमध्ये ठेवणं शहाणपणाचं.

मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या गटसहलींत हा टप्पा बसने असतो आणि कार्यक्रमपत्रिकेत 'चार तास' लिहिलेलं असतं. तेवढ्यात तो होत नाही. बसला दोन्ही देशांत ताशी 100 ची मर्यादा आहे आणि साडेचार तास चालवल्यावर चालकाला 45 मिनिटांची विश्रांती कायद्याने द्यावी लागते. त्यात जेवण, प्रसाधनगृह, चाळीस माणसांची उतरचढ आणि बोगद्याची रांग मिसळा. सहा तास धरा आणि त्या दुपारी मिलानला वेळ ठरवून मिळणारं दर्शन किंवा संग्रहालय लावू नका.

विमानाबद्दल लांबण लावण्यासारखं काही नाही. मालपेन्सा विमानतळ मिलानपासून सुमारे 50 किलोमीटर दूर आहे आणि चेंत्रालेपर्यंत विमानतळ रेल्वेला पाऊण तासाहून अधिक लागतो. झुरिकला पुढचं विमान पकडायचं असेल आणि सगळं एकाच तिकिटावर असेल, तरच ते परवडतं.

सीमेवर लक्ष द्यायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दोन्ही देश शेंगेनमध्ये आहेत, म्हणून एकच व्हिसा पुरतो आणि ठरलेली पासपोर्ट तपासणी नाही. तरी कियासोला पोलीस गाडीत चढून पासपोर्ट मागतात. मूळ पासपोर्ट सामानात तळाशी ठेवू नका. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, त्यामुळे जकातीची सीमा मात्र खरीखुरी आहे. इटलीहून स्वित्झर्लंडमध्ये येताना माणशी 150 फ्रँकपर्यंतची खरेदी करमुक्त आहे. ही मर्यादा 2025 च्या सुरुवातीपासून 300 वरून खाली आली. युरोपसाठी घेतलेलं सिमकार्ड स्वित्झर्लंडमध्ये आपोआप चालेलच असं नाही, तेही बघून घ्या.

सर्वांत महाग चूक कर परताव्यात, म्हणजे परदेशी पर्यटकांना खरेदीवरचा कर परत मिळतो त्यात, होते. मिलानला पर्स किंवा घड्याळ घेतलं, झुरिकहून भारतात परत गेलात, तर इटलीच्या कराचा शिक्का झुरिक विमानतळावर मिळत नाही. माल युरोपीय संघाबाहेर जातो तो कियासोला, आणि शिक्का तिथेच इटालियन जकातीकडून घ्यायचा असतो. थेट गाडी त्यासाठी पुरेशी थांबत नाही. मोठी खरेदी असेल तर कियासोला उतरून पुढच्या गाडीने जायची तयारी ठेवा, किंवा परतीचं विमान मिलानहून घ्या. त्या स्थितीत स्वित्झर्लंडच्या खरेदीचा शिक्का सीमेवर घ्यावा लागेल, हेही विसरू नका.

झुरिकहून सकाळी निघून त्याच रात्री मालपेन्साहून नऊचं विमान पकडायचं असेल, तर उलट मोजा. तीन तास आधी म्हणजे सहाला विमानतळ. त्यासाठी चेंत्रालेहून पाचच्या आत निघायचं. गाडी उशिरा येऊ शकते, फलाट बदलायचा आहे, तिकीट काढायचं आहे, म्हणून साडेतीनला मिलान गाठायचं. म्हणजे झुरिकहून बाराची गाडी. तिच्याही आधीची घ्या, कारण दोन थेट गाड्यांमध्ये एक ते दोन तासांचं अंतर असतं आणि एक रद्द झाली तर दुसरी हाताशी हवी.